काळी काच आणि गाडीची बाकीची अंगे
(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून काही साथींनी आम्हाला विचारले, की आठवा वेतन आयोग, पेन्शन, रिकाम्या जागा असे प्रश्न समोर असताना युनियनच्या व्यासपीठावरून मोटारीच्या काचेवर कसले भाषण? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या दारात आता सोसायटीचे कर्ज काढून घेतलेली, बहुधा सेकंडहॅंड, चारचाकी आहे. निवृत्त झालेले काही जण आणि सभासदांची मुले टॅक्सी चालवतात. मेल मोटर सर्व्हिसचे ड्रायव्हर तर आपलेच आहेत. शिवाय कार्यालयांतून खात्याच्या जीपा जाऊन भाड्याच्या गाड्या आल्या, त्यांच्यावर कंत्राटदाराचे ड्रायव्हर असतात. ते कोणत्याच खात्याच्या हजेरीपटावर नाहीत, त्यामुळे त्यांची तक्रार ऐकायला दुसरे कोणी बसत नाही, आम्ही बसतो. गेल्या उन्हाळ्यापासून या मंडळींकडून ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी एकच वस्तू निघाली. ती म्हणजे काचेला चिकटवलेली काळी फिल्म.

एक प्रकरण सांगतो. कार्यालय रेल्वेचे की पोस्टाचे ते सांगत नाही, गावाचेही नाव घेत नाही. साहेबांना ऊन लागते म्हणून कंत्राटदाराने भाड्याच्या गाडीला चारी बाजूंनी फिल्म मारून घेतली. समोरच्या काचेलाही मारली. महिन्याभरात दोन चलाने आली. टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाईना, तेव्हा दोन खेपांना रोखीने दुप्पट टोल भरावा लागला. पावसाळ्यात रात्री रिव्हर्स घेताना गाडी खांबाला लागली. मग फिल्म काढायचे ठरले, तर दुकानातल्या पोऱ्याने ती ब्लेड लावून खेचली आणि मागच्या काचेवरचा डिफॉगर निकामी झाला. या सगळ्याचा हिशेब कोणाच्या पगारातून वळता झाला, हे तुम्हाला सांगायला नको. फिल्म मागणारा वेगळा, लावणारा वेगळा आणि भरणारा ड्रायव्हर.

तो ड्रायव्हर आमच्यापुढे बसून म्हणाला, "साहेब, यंदा ग्रहच फिरलेत." त्याच्या मते चलान, टोल, खांब आणि डिफॉगर ही चार वेगळी संकटे होती. ती चारही एकाच ठिकाणाहून आली होती. ती कशी, ते आज समजून घेऊ.

आपल्यातल्या जुन्या सिग्नलवाल्यांना सेमाफोर आठवत असेल. रात्रीच्या वेळी त्याच्या स्पेक्टॅकलमागे रॉकेलचा दिवा असे. 'उतरलेल्या' सिग्नलची जी हिरवी काच होती, ती हातात घेऊन उन्हात धरली तर चक्क निळसर दिसायची. नव्या खलाशाला वाटे, स्टोअर्सने चुकीची काच पाठवली. पण रॉकेलची ज्योत पिवळी असते, आणि पिवळ्या ज्योतीपुढे निळसर काच आली की लांबून हिरवे दिसते. म्हणजे काच बनवणाऱ्याने दिव्याचा विचार करूनच काच बनवली होती. दिवा बदलला की काचही बदलावी लागे. मोटारीचेही तसेच आहे. कारखान्यात काच बसवतात तेव्हा तिच्या मागे-पुढे काय काय बसणार, याचा हिशेब झालेला असतो. आरसे, दिवे, अँटेना, कॅमेरा, वायपरचा सेन्सर, सगळे त्या काचेला धरून बसवलेले असते. आपण बाजारातून आणलेला एक पापुद्रा मध्ये चिकटवतो आणि तो हिशेब बिघडतो.

आता कायद्याचे बोलू, कारण पहिला फटका तिथेच बसतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो, की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला आणि ४ मे २०१२ पासून काचेवर वरून कोणतीही फिल्म चिकटवायला बंदी आली, मग ती कितीही फिकी असो. पुढे नियम १०० बदलला. १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लेझिंग' म्हणजे आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा थर असलेली काच त्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या बदललेल्या नियमाच्या आधारे सांगितले, की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल. दुकानदार एवढेच शेवटचे वाक्य गिऱ्हाइकाला ऐकवतो आणि पुढचा हिशेब गाळतो.

हा हिशेब मात्र प्रत्येकाने वहीत उतरवून घ्यावा. मर्यादा काच आणि फिल्म दोन्ही मिळून आहे. गाडीची मूळ काच हिरवट असते. ती समजा ७५ टक्के उजेड सोडते. तिच्यावर "पन्नास टक्केवाली, कायदेशीर" म्हणून फिल्म मारली, तर ७५ चे निम्मे म्हणजे साडेसदतीस टक्केच उजेड आत येतो. गाडी गुन्ह्यात आली. बाजूच्या काचेला ७० टक्के उजेड सोडणारी फिल्म लावली तर साडेबावन्न होतात, म्हणजे जेमतेम पास. आणि ७० टक्केवाली फिल्म डोळ्यांना इतकी फिकी दिसते, की काळ्या काचेची हौस असलेला गिऱ्हाईक ती घेतच नाही. समोरच्या काचेचे तर विचारूच नका. ७५ वर ९० टक्केवाली फिल्म लावली तरी साडेसदुसष्ट होतात, म्हणजे नापास. तेव्हा समोरच्या काचेला फिल्मचे नावच काढू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. दंडाची रक्कम २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या खेपेस ५०० आणि पुढे १५०० रुपयांपर्यंत आहे. कंत्राटी ड्रायव्हरचे ५०० म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली.

दुसरा फटका फास्टॅगचा. टोलवर काय घडते ते पाहा. टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतो, त्या लहरींच्याच जोरावर टॅग जागा होतो आणि आपला नंबर परत पाठवतो. म्हणजे लहरींना समोरची काच दोनदा ओलांडावी लागते, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा. चमकणाऱ्या फिल्ममध्ये धातूचा अतिशय पातळ थर असतो, आणि धातू रेडिओलहरी अडवतो. जाताना अर्धी ताकद गेली आणि येताना पुन्हा अर्धी, तर रीडरच्या हाती काय लागणार? लेन बदलून, गाडी पुढे-मागे घेऊन ड्रायव्हर थकतो. मागची गाडी हॉर्न वाजवते. टॅगवर पैसे असतात आणि तरीही टोल रोखीने जातो. काही महागड्या गाड्यांची समोरची काच कारखान्यातूनच उष्णता परतवणाऱ्या लेपाची येते. त्यांत आरशाच्या मागे लेप नसलेला एक चौकोन मुद्दाम सोडलेला असतो. तो टॅगसाठी असतो, तिथे गणपतीचे स्टिकर लावू नये.

जे टॅगचे, तेच मोबाईलचे आणि नकाशाच्या जीपीएसचे. उपग्रहाकडून येणारा जीपीएसचा सिग्नल मुळातच फार क्षीण असतो. १ जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांना जागा दाखवणारे यंत्र आणि संकटाचे बटण सक्तीचे झाले आहे. टॅक्सी चालवणाऱ्या साथींनी ध्यानात ठेवावे, की त्या यंत्राची अँटेना काचेजवळ असेल आणि काचेवर धातूची फिल्म असेल, तर बाई-माणसाने बटण दाबले तरी गाडी कुठे आहे ते कळायला उशीर होऊ शकतो.

हा प्रश्न आपल्या रेल्वेच्या दुनियेतही आलेला आहे, म्हणून थोडे आडवाटेला जातो. युरोपात आगगाडीच्या डब्यांच्या काचांना उष्णता अडवण्यासाठी धातूचा लेप देतात. डबा आधीच धातूचा, त्यात काचाही लेपाच्या, त्यामुळे आत बसलेल्या प्रवाशांचे मोबाईल लागेनात. स्वित्झर्लंडमध्ये बीएलएस या रेल्वे कंपनीच्या गाड्यांसाठी तिथल्या इंजिनिअरांनी काचेच्या लेपावर लेसरने केसाहून बारीक रेघा कोरल्या. डोळ्यांना त्या रेघा दिसत नाहीत, उष्णता बऱ्यापैकी अडते आणि लहरी मात्र आत येतात. एवढा खटाटोप एका लेपापायी करावा लागला. आपल्या गल्लीतल्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात हे ज्ञान कुठून असणार?

आता मागची काच. ज्या गाडीत डिफॉगर आहे तिच्या मागच्या काचेवर आतून आडव्या तांबूस रेघा दिसतात. त्या रेघा चांदीमिश्रित लेपाच्या असून काचेवरच भाजून बसवलेल्या असतात. वीज सोडली की त्या तापतात आणि काचेवरचे बाष्प उडते. कित्येक गाड्यांत रेडिओची अँटेनासुद्धा याच रेघांच्या शेजारी छापलेली असते. फिल्म आतूनच लागते, म्हणजे थेट या रेघांवर. नीट लावली तर लगेच बिघाड होत नाही. बिघाड होतो तो काढताना. गोंद रेघेला धरून बसलेला असतो, तो रेघ घेऊनच निघतो, आणि वर ब्लेड फिरवले की उरलेल्या रेघा कापल्या जातात. रेघा समांतर जोडलेल्या असतात, त्यामुळे एक तुटली तर तेवढाच पट्टा बंद पडतो. अशा एक-दोन रेघा जोडायला चांदीमिश्रित रंगाची छोटी बाटली मिळते, तिने काम भागते. सगळ्याच गेल्या तर काच बदलणे आले. म्हणून फिल्म काढायचीच झाली तर वाफेने किंवा गरम हवेने गोंद मऊ करून, रेघांच्या दिशेने सावकाश काढावी, आणि ब्लेड दुकानदाराच्या हातातून काढून घ्यावे.

फिल्म लावतानाही एक गोष्ट होते. साबणाचे पाणी फवारून ती बसवतात. ते पाणी दारात आणि डॅशबोर्डमध्ये उतरते. दारात खिडकीची मोटर, स्विच, लॉक आणि स्पीकर असतात. आठ दिवसांनी खिडकी अडकली, की मिस्त्री मोटर बदलायला सांगतो आणि फिल्मचे नाव कोणाच्या डोक्यातही येत नाही.

नव्या गाड्यांत आणखी साधने आली आहेत, त्यांच्यावरून भरभर जाऊ. वायपर आपोआप चालवणारा सेन्सर काचेतून अदृश्य प्रकाश सोडून परत येणारा उजेड मोजतो. मध्ये फिल्म आली की कोरड्या काचेवर वायपर नाचतो किंवा पावसातही गप्प राहतो. आपोआप लागणारे हेडलाइट काळ्या काचेमागे भर दुपारी संध्याकाळ समजतात. समोरच्या काचेमागून रस्त्याचे पट्टे आणि पुढची गाडी पाहणारा कॅमेरा असेल, तर त्याच्यासमोरची जागा स्वच्छच पाहिजे. तो कॅमेरा काही गाड्यांत ब्रेकसुद्धा लावतो, तेव्हा त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधणे किती योग्य ते तुम्हीच ठरवा.

पण गाडीतले सर्वांत महत्त्वाचे साधन ड्रायव्हरचा डोळा आहे, आणि इथे रनिंग स्टाफला आम्ही काही शिकवावे असे नाही. ए-वन वर्गाच्या तपासणीत डोळ्यांत एवढासा फरक निघाला तरी लोको पायलटला इंजिनावरून उतरावे लागते. इंजिनाच्या लुकआउट काचेवर कोणी काळी फिल्म लावू दिली असती का? दोघांनी मिळून सिग्नल पुकारायचा आणि काच मात्र अंधारी, असे चालले नसते. मोटारीच्या बाहेरच्या दोन आरशांत आपण बाजूच्या काचेतूनच पाहतो. दिवसा ते जाणवत नाही. रात्री पावसात, बिनदिव्याची सायकल मागून येत असताना साडेसदतीस टक्के उजेडात आरसा पाहायचा, आणि रिव्हर्स घेताना मागच्या काचेतून खांब शोधायचा. आपल्या ड्रायव्हरची गाडी खांबाला लागली त्याचे कारण हेच. शिवाय वय पाहा. साठीच्या माणसाची बाहुली अंधारात तरुणाइतकी मोठी होत नाही आणि डोळ्याचे भिंगही पिवळट झालेले असते, म्हणजे निसर्गानेच एक फिल्म आधी लावलेली असते. निवृत्तीनंतर टॅक्सी चालवणाऱ्यांनी तिच्यावर दुसरी लावून घेऊ नये. स्वस्त रंगाची फिल्म तर दोन-तीन उन्हाळ्यांत जांभळी पडते. तिच्यातून रंगही खरे दिसत नाहीत.

काच आतल्या माणसाइतकीच बाहेरच्या माणसासाठीही असते, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. आपला पोस्टमन सायकलवर चौकात येतो तेव्हा तो गाडीकडे पाहत नाही, ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहतो. ड्रायव्हरने आपल्याला पाहिले की नाही, ते नजरेवरून कळते, मग तो पॅडल मारतो. फाटकावरचा गेटमन बंद होत असलेल्या फाटकाखाली घुसू पाहणाऱ्या गाडीला हात करतो, तोही नजरेच्या भरवशावर. काळ्या काचेमागे नजर दिसतच नाही. थैली घेऊन फिरणारी आणि फाटक सांभाळणारी माणसे आपली सभासद आहेत, म्हणून हा विषय युनियनचा आहे.

आता जिवाचा प्रश्न. बाजूच्या काचा टफन्ड असतात. कोपऱ्यात टोकदार वस्तूचा फटका बसला की त्यांचे बारीक दाणे होऊन खाली पडतात, आणि माणूस बाहेर निघू शकतो. समोरची काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये थर असलेली, ती तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या काचेला फिल्म लावली की तीही तशीच वागू लागते, दाणे होतात पण फिल्मला चिकटून राहतात. अपघातात काच अंगावर उडत नाही, हा त्याचा एक फायदा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण पाण्यात अडकलेल्या गाडीचे काय? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी काही माणसे गाडीतच अडकून गुदमरून गेली. पाण्याने वीज गेली की खिडक्या उतरत नाहीत, लॉक उघडत नाही, पाण्याच्या दाबाने दार लोटता येत नाही. तेव्हा काच फोडणे एवढाच मार्ग उरतो. आपल्या एसी डब्यात संकटकालीन खिडकी असते आणि काच फोडायला हातोडी ठेवतात, ती याचसाठी. फिल्म असलेली काच फुटल्यावरही पायाने लाथा मारून बाहेर ढकलावी लागते, एका फटक्यात वाट होत नाही. ज्यांच्या गाडीला फिल्म आहे त्यांनी निदान हातोडी सीटजवळ ठेवावी, डिकीत नव्हे, आणि हे घरच्या सगळ्यांना दाखवून ठेवावे.

कोणी म्हणेल, सेक्रेटरी साहेब, भुसावळच्या मे महिन्यात गाडी चालवून पाहा, मग बोला. आम्ही त्याच उन्हातले आहोत. पण काळे म्हणजे थंड, हा समज खरा नाही. सूर्याच्या उष्णतेतली सुमारे निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून येते. साधी काळी फिल्म दिसणारा उजेड कापते, स्वतः तापते आणि ती तापलेली काच आत धग सोडत राहते. अंधार वाटतो म्हणून गारवा वाटतो, इतकेच. सिरॅमिक म्हणून जी फिल्म मिळते ती फिकी असूनही न दिसणारी उष्णता अडवते, आणि धातू नसल्याने टॅग व मोबाईलच्या आड येत नाही. मात्र ती बरीच महाग पडते, आणि ७० व ५० चा हिशेब तिलाही लागू आहे. बिनखर्चाचे उपाय जुनेच आहेत. गाडी कडुनिंबाखाली लावावी, उभ्या गाडीच्या समोरच्या काचेला चांदीच्या कागदाचा पुठ्ठा लावावा, निघताना चारी दारे मिनिटभर उघडून मगच एसी लावावा. जाळीचे पडदे असतील तर गाडी सुरू होण्याआधी काढावेत.

शेवटी पगार कपातीचे. नुकसानीची कपात कामगाराच्या हयगयीमुळे झालेल्या नुकसानीचीच करता येते, आणि त्याला आपले म्हणणे मांडायची संधी दिल्यावरच करता येते. हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. संहितांविषयी आपले म्हणणे वेगळे आहे, ते वेगळ्या सभेत बोलू. पण जे कलम कामगाराच्या बाजूचे आहे ते वापरलेच पाहिजे. फिल्म लावायचा निर्णय ड्रायव्हरचा नव्हता, तर चलान, टोल आणि काच त्याच्या हयगयीत कशी बसते? आम्ही हेच लेखी मांडले. चलानाचे आणि टोलचे पैसे त्या ड्रायव्हरला पुढच्या पगारात परत मिळाले. काचेच्या पैशांवर कंत्राटदार अजून अडून बसला आहे, कारण "फिल्म काढायला गाडी तूच नेली होतीस" असे त्याचे म्हणणे आहे. पुढची तारीख लागली आहे.

तोवर कंत्राटी गाडीवर असलेल्या प्रत्येक साथीने एवढे करावे. कोणी फिल्म लावायला सांगितले, तर तसे वहीत तारखेसह लिहावे आणि सांगणाऱ्याची सही मागावी. सही दिली नाही तर तसा मोबाईलवर मेसेज पाठवून ठेवावा. गाडीच्या काचांचे फोटो लावण्याआधी आणि लावल्यानंतर काढावेत, मागच्या काचेवरच्या रेघांसकट. कपातीविरुद्ध द्यायच्या अर्जाचा मराठी आणि हिंदी नमुना ब्रँच ऑफिसात ठेवला आहे. संध्याकाळी सहानंतर कोणीही येऊन न्यावा. इटारसी आणि सिकंदराबादहून आलेल्या मंडळींनी निघण्यापूर्वी आपापल्या शाखेसाठी प्रती बरोबर घ्याव्यात.